स्वमग्न मुलासाठी शाळेची मदत हवी, तर आधी वही घ्या

मुलाला ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा मला वाटलं होतं, अहवाल शाळेत दिला की पुढचं आपोआप होईल. दिला. बाईंनी तो मन लावून वाचला, फाइलला लावला आणि पुढचे चार महिने काहीही हललं नाही. दोष एकट्या बाईंचा नव्हता. मुलाला काय आहे ते अहवालात होतं, पण उद्या सकाळी वर्गात त्याच्यासाठी नेमकं काय करायचं, हे त्यात कुठेच नव्हतं. निदानाचा कागद वेगळा आणि मदतीचा कागद वेगळा. हा दुसरा कागद मिळवायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. तुम्हाला कमी लागावं म्हणून हे लिहितोय.

सुरुवात वहीपासून करा, अर्जापासून नको. पानावर चार रकाने आखा: वेळ आणि जागा, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर मोठ्यांनी काय केलं. यात मत लिहायचं नाही. ‘हट्ट केला’ असं लिहिलंत तर वाचणारा हट्टाचाच विचार करणार. त्याऐवजी ‘दप्तर टाकलं, बाकाखाली गेला, दहा मिनिटं कानांवर हात’ असं लिहा.

आमचा मुलगा तिसरीत असताना निरोपावर निरोप यायचे, ‘गणिताच्या तासाला फार त्रास देतो.’ आम्ही घरी त्याचं गणित घेत बसलो. गणित तर त्याला छान येत होतं! मग मी वर्गशिक्षिकांना विनंती केली, की बाकी काही नको, गडबड झाली की फक्त वेळ टिपून ठेवा. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या आणि त्यातल्या आठ मधली सुट्टी संपल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांतल्या होत्या. त्या वेळेला गणिताचा तास असायचा, एवढाच गणिताचा संबंध.

एके दिवशी परवानगी घेऊन मी सुट्टीत जाऊन उभा राहिलो. घंटा जिन्याच्या वळणावरच होती. सुट्टी संपायला अजून पाच मिनिटं होती. मुलं पळत होती, ओरडत होती. हा भिंतीला पाठ लावून उभा, खांदे कानापर्यंत चढलेले, दोन्ही कानांत बोटं आणि नजर घंटेवर. सगळी सुट्टी तो घंटा वाजण्याची वाट बघण्यात घालवत होता. ती वाजली, मग जिन्यावर रेटारेटी, मग वर्ग, मग ‘वह्या काढा’. तिथे तो कोसळायचा.

अशा वेळी ‘लाडावलाय’ असं कुणी म्हणालं, तर शांतपणे सांगा, की आवाज, उजेड, स्पर्श यांचा असह्य त्रास होणं हे ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आहे. मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या निकष-पुस्तिकेत २०१३ साली त्याचा स्पष्ट समावेश झाला. सवयीने जाईल म्हणून मुलाला त्या घंटेखाली उभं करणं ही मदत नाही.

उलटाही प्रकार असतो. ‘शाळेत तर अगदी शांत असतो, आम्हाला काहीच अडचण नाही,’ असं उत्तर बऱ्याच पालकांना मिळतं, मुलींच्या पालकांना तर फारच. मूल दिवसभर स्वतःला आवळून धरतं आणि घरच्या उंबऱ्याशी आल्यावर सुटतं. असं असेल तर शाळेतून आल्यानंतरचा पहिला तास वहीत लिहा: किती वेळ रडणं चाललं, कपडे कधी बदलले, बोलणं कधी सुरू झालं. हीसुद्धा शाळेचीच नोंद आहे.

वही दोनतीन आठवडे भरली की अर्ज. तोंडी विनंत्या मी खूप केल्या, त्यांचा काही उपयोग झाला नाही. अर्ज एका पानाचा ठेवा, मुख्याध्यापकांच्या नावे. आमच्या अर्जातला मुख्य भाग असा होता:

‘माझ्या मुलास ऑटिझम असल्याचा अहवाल सोबत जोडला आहे. त्यामुळे शाळेत त्याला पुढील अडचणी येतात: (वहीतल्या तीन नोंदी, तारखांसह). त्याच्या शैक्षणिक गरजांचे औपचारिक मूल्यमापन करून त्याच्यासाठी लेखी वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करावा, ही विनंती. याबाबत लेखी उत्तर मिळावे.’

प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. ईमेल केला तरी चालतं. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी दोन ओळी पाठवा: ‘आज आपलं असं असं ठरलं, काही राहिलं असल्यास कळवावं.’ हे अविश्वासापोटी नाही. शिक्षक बदलतात, मुख्याध्यापक बदलतात. कागद मात्र राहतो.

तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात, हे मनात पक्कं असू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचं २४वं कलम सर्वसमावेशक शिक्षण आणि वाजवी सोयी यांबद्दलच आहे. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ऑटिझमचा नावानिशी उल्लेख आहे. आपण मागतो तशा लेखी वैयक्तिक शिक्षण आराखड्यालाच अमेरिकेत आयईपी म्हणतात. इंग्लंडमध्ये ईएचसी प्लॅन, म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा एकत्र आराखडा असतो, आणि तिथे मूल्यमापन करायचं की नाही हे अर्जानंतर सहा आठवड्यांत कळवावं लागतं, तर पूर्ण आराखड्याला वीस आठवड्यांची मुदत आहे. तुमच्याकडच्या कायद्याचं नाव आणि कलम अर्जात एका ओळीत घाला. त्याहून जास्त नको. धमकीचा सूर आला की समोरचा माणूस मुलाचा विचार सोडून स्वतःच्या बचावाचा विचार करू लागतो.

बैठकीला एकट्याने जाऊ नका. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. मला पहिल्या बैठकीत रडू आलं आणि मग काय ठरलं ते काहीच आठवेना. दुसऱ्या वेळी बायको लिहीत होती.

आता सर्वांत महत्त्वाचं, आराखड्याची भाषा. आम्हाला पहिला मसुदा मिळाला त्यात वाक्य होतं, ‘गरजेनुसार आवश्यक ते सहकार्य केले जाईल.’ ऐकायला गोड, पण त्यातून कुणावरच काही बंधन येत नाही. प्रत्येक वाक्याला विचारा: कोण करणार? कधी? किती वेळ? त्या बाई रजेवर असतील तर कोण? या चार प्रश्नांतून ते वाक्य असं झालं: ‘रोज मधली सुट्टी संपण्याच्या पाच मिनिटे आधी मदतनीस त्याला वर्गात नेतील. त्या नसतील त्या दिवशी हे काम वर्गशिक्षिका करतील.’ त्यानंतरच्या महिन्यात वहीत फक्त दोन नोंदी झाल्या.

उद्दिष्टांनाही हीच कसोटी लावा. ‘एकाग्रता वाढेल’ हे मोजणार कसं? ‘बाकावरच्या चित्र-वेळापत्रकाकडे बघून पाचपैकी चार वेळा पुढचं काम स्वतः सुरू करेल’, हे मोजता येतं. आणि ‘डोळ्यांत बघून बोलेल’ असं उद्दिष्ट कुणी सुचवलं, तर स्पष्ट नाही म्हणा. नजर भिडवायचीच सगळी ताकद गेली तर ऐकायला काही उरत नाही. मुलाचा त्रास कमी होऊन शिकणं वाढावं, यासाठी आराखडा असतो. तो इतरांसारखा दिसावा, यासाठी नसतो.

मदतनिसाबद्दल एक गोष्ट. तो मिळाला की आपण निर्धास्त होतो, पण तो सतत मुलाला चिकटून बसला तर शिक्षकांचं मुलाशी बोलणंच थांबतं. आमच्याकडे तसं झालं होतं. म्हणून कोणत्या तासाला मदतनीस बाजूला राहतील हेही आराखड्यात लिहून घ्या.

परीक्षेतल्या सवलती, म्हणजे जादा वेळ, शांत खोली, लेखनिक, यांसाठी आयत्या वेळी धावू नका. या सवलती मुलगा रोजच्या वर्गातही वापरतो, हे दाखवता आलं की त्या मिळवणं सोपं जातं.

नकार आला तर तो लेखी मागा, कारणासह. कारण कागदावर आलं की त्याला उत्तर देता येतं, पुढच्या कार्यालयात दाद मागता येते.

आराखड्यावर पुढच्या आढाव्याची तारीख असल्याशिवाय सही करू नका. आणि सही करण्याआधी मुलाला विचारा. बोलत नसेल तर शाळेच्या प्रत्येक जागेचे फोटो काढा आणि ‘आवडतं’, ‘नाही आवडत’ अशा दोन डब्यांत त्याला टाकू द्या. आमच्याने ग्रंथालयाचा फोटो ‘आवडतं’मध्ये टाकला. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आता आराखड्यात शेवटची ओळ आहे, ‘सुट्टीत ग्रंथालयात बसण्याची मुभा’. ती त्याने स्वतः मिळवलेली आहे.