एअर गन कागदावर चालवा, तितरावर नाही

हरभरा वर आला, धुऱ्यावर तितर ओरडू लागले की गावात कोणाच्या तरी हाती एअर गन दिसतेच. सोबत एक वाक्य ठरलेलं: "याले लायसन लागत नाही." हे अर्धंच खरं आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरच्या (.177) वर नसेल आणि नळीच्या तोंडाशी छर्ऱ्याची ऊर्जा 20 जूलच्या आत असेल, तरच परवाना लागत नाही. .22 घेतली की परवाना आला. खोक्यावर वेग फुटात छापलेला असतो, त्यावरून हिशेब निघतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे 930 फुटांच्या वर गेला की 20 जूल ओलांडले. काही कंपन्या हलका छर्रा टाकून मोठा आकडा छापतात, म्हणून 1000 फूट दिसलं तर दुकानदाराला जूलमधला आकडा विचारा. पक्क्या बिलावर मॉडेल आणि नळीचा व्यास लिहून घ्या आणि बिलाची एक प्रत पिशवीत बंदुकीसोबतच ठेवा.

पण बंदुकीला परवाना लागत नाही म्हणजे शिकारीला परवानगी आहे, असं होत नाही. हे दोन वेगळे कायदे आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पूर्वी लहान शिकारीचा परवाना मिळायचा. 1991 च्या दुरुस्तीत तो गेला. आजोबांच्या पेटीत जुना कागद असला तरी आज त्याचा काही उपयोग नाही. तितर, लावा, बटेर, हरियाल (हा तर राज्यपक्षी) सगळे संरक्षित आहेत. जखमी करणं, फासे लावणं, अंडी-घरटं मोडणं आणि नुसता मारण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याने शिकारच. त्यामुळे "नेम चुकला साहेब" हा बचाव चालत नाही. सर्वसाधारण शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोर किंवा माळढोक असेल तर कैद किमान 3 वर्षं, कमाल 7. अभयारण्याच्या आत कोणताही पक्षी मारला तरी तेच. गुन्ह्यात जप्त झालेली बंदूक आणि गाडी सरकारजमा होते. तितराची भाजी फार महाग पडते.

आपल्या विदर्भात लागू पडणारं त्याच वन्यजीव कायद्याचं आणखी एक कलम आहे, जे फारसं कोणी सांगत नाही. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या माणसाकडे शस्त्र असेल तर वन विभागाकडे नोंद करावी लागते (कलम 34). शस्त्र कायद्यातून सूट असलेले लोकही त्यात येतात. ताडोबा, पेंच, बोर, टिपेश्वर, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा यांच्या भोवतालच्या गावांनी हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावं. पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेताच येत नाही. मेळघाटातून जाणाऱ्या परतवाडा-सेमाडोह-धारणी रस्त्याने जायचं असेल तर बंदूक घरीच ठेवा.

आता चालवायची कुठे? घरामागे 10 मीटर मोकळी जागा आणि शेवटी मातीची भिंत असेल तर पुरे. छर्रा दोन-तीनशे मीटर जाऊ शकतो, म्हणून वर आभाळाकडे किंवा कुंपणापलीकडे नळी फिरवायची नाही. लक्ष्यामागे लाकडी खोकं ठेवून त्यात चिंध्या घट्ट भरा, नाहीतर चाळलेली रेती भरलेलं पोतं लावा. मुरूम नको, त्यातल्या खड्यावरून छर्रा उलटा येतो. पत्राही नको. चष्मा लावाच. कागदावर सपाट तोंडाचा छर्रा वापरा, भोक स्वच्छ कापलं जातं आणि नेम वाचता येतो.

नळी मोडून (खाली वाकवून) भरताना एका हाताने नळी शेवटपर्यंत धरून ठेवा. ती सुटून बंद झाली तर बोट जातं. छर्ऱ्याचा पोकळ घेर मागे, डोकं पुढे. बंदूक पुढच्या बाजूला उघड्या तळव्यावर हलकी टेकवा, करकचून धरू नका. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि मग पुढे झटका देते. पकड दरवेळी बदलली की छर्रे विखुरतात आणि लोक उगाच माशीला (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीला) दोष देतात.

नेम बसवायला पाच छर्रे एकाच बिंदूवर मारा आणि त्या पुंजक्याचा मध्य पाहा. एका छर्ऱ्यावरून काही हलवू नका. पुंजका जिकडे न्यायचा तिकडे नेमाची मागची खाच सरकवा. माशी ते खाच अंतर 50 सेंटिमीटर असेल तर 10 मीटरवरची 20 मिलिमीटरची चूक खाच 1 मिलिमीटर सरकवून निघते. पुंजकाच मोठा असेल तर आधी दस्त्याचे स्क्रू तपासा. झटक्याने ते ढिले होतात आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

रिकामा घोडा कधी दाबू नका. छर्रा नसला की पुढे हवेची गादी राहत नाही, पिस्टन आपटतो आणि स्प्रिंग, वॉशर दोन्ही जातात. शिलाई मशीनचं तेल हवेच्या कप्प्यात टाकलं की ते पेट घेतं, मोठा आवाज होतो, धूर निघतो आणि वॉशर जळतं. तिथे फक्त सिलिकॉन तेल, एक-दोन थेंब. बंदूक ताणून ठेवू नका. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.

ज्वारीच्या कणसांवर राघू पडत असतील तर बंदूक नको, लाल-चंदेरी चमकणारी फीत लावा. दाणा दुधात असतानाच बांधायची, कणसाच्या थोडी वर, उत्तर-दक्षिण, दोन ओळींत साधारण 5 मीटर अंतर. फितीला दोन-तीन पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात ती फडफडते. पाखरं सरावतात, म्हणून आठवड्याने जागा बदला आणि सकाळ-संध्याकाळ माळ्यावर कोणीतरी आवाज करायला हवंच. जखमी पाखरू दिसलं तर वन विभागाचा 1926 नंबर फिरवा.