कट्ट्याचं त्वरण काढताना या चुका टाळा

मोंढ्यात हमाल सोयाबीनचा कट्टा दोरीनं ओढतो, तेव्हा दोरी जमिनीला समांतर नसते, त्याच्या खांद्याकडे तिरपी गेलेली असते. घर्षणाच्या गणितात लातूर-नांदेडची हुशार पोरंसुद्धा अडकतात ती या तिरपेपणात.

समजा, कट्टा ५० किलोचा. दोरी आडव्या रेषेशी ३७ अंशांत (साइन ०.६, कोसाइन ०.८ धरा), ओढ ३०० न्यूटन. स्थितिक घर्षणांक (कट्टा थांबलेला असतानाचा) ०.५, गतिक (सरकत असतानाचा) ०.४, गुरुत्वत्वरण १०.

बहुतेक जण पहिल्याच ओळीत लिहितात: लंब प्रतिक्रिया (जमीन कट्ट्याला वर रेटते ते बल) म्हणजे वजन, ५०० न्यूटन. गणित इथंच हातचं जातं. दोरी कट्ट्याला पुढं ओढते तशी १८० न्यूटननं वरही उचलते. जमिनीवर दाब राहतो फक्त ३२० न्यूटनचा. पुढची ओढ २४०, गतिक घर्षण ०.४ गुणिले ३२०, म्हणजे १२८. उरलं ११२, भागिले ५०, त्वरण २.२४ मीटर प्रति सेकंद वर्ग.

५०० धरलं असतं तर त्वरण ०.८ आलं असतं. आणि हलण्याआधीची स्थितिक घर्षणाची मर्यादा (०.५ गुणिले लंब प्रतिक्रिया) तपासली असती तर ती २५० निघाली असती, म्हणजे २४० च्या ओढीनं कट्टा जागचा हललाच नसता! खरी मर्यादा १६० आहे. म्हणून आधी उभ्या दिशेचा हिशोब, मग घर्षण. हा क्रम कधीच मोडू नका.

तोच कट्टा त्याच बलानं, त्याच कोनात मागून खाली रेटला तर १८० वजनात मिळवायचे. लंब प्रतिक्रिया ६८०, मर्यादा ३४०. कट्टा हलणार नाही. हमाल रेटण्याऐवजी ओढतो ते याचमुळं.

दुसरी चूक उत्तरातच दिसते. दोरी आडवी, ओढ १०० न्यूटन. मुलं १०० मधून गतिक घर्षण (०.४ गुणिले ५००, म्हणजे २००) वजा करून त्वरण उणे २ लिहितात. थांबलेला कट्टा ओढणाऱ्यापासून उलटा पळेल का? ओढ मर्यादेच्या आत असेल तोवर स्थितिक घर्षण ओढीएवढंच असतं, इथं १००. त्वरण शून्य. उणे चिन्ह चालतं ते कट्टा आधीच पुढं सरकत असेल तेव्हाच. तेव्हा तो मंदावतो.

शेवटचं, कॅल्क्युलेटर वापरत असाल तर तो अंशांऐवजी रेडियनवर (कोनाच्या दुसऱ्या एककावर) नाही ना, हे आधी बघा. तिथं ३७ चा साइन उणे ०.६४ येतो आणि वर उचलणारी दोरी कट्ट्याला खाली दाबायला लागते.