मुलींचा कबड्डी संघ घडवताना या चुका टाळा

जूनमध्ये मैदान भरलेलं असतं आणि दिवाळीनंतर बाराजणींचा संघ जमवताना ओढाताण होते. शाळा असो की मंडळ, बहुतेक ठिकाणी हेच चित्र दिसतं. ‘मुलींना आवड नसते’, ‘घरचे सोडत नाहीत’ असं म्हटलं की विषय संपतो. पण मुली गळण्याची बरीचशी कारणं मैदानावरच असतात, आणि ती आपल्याला दूर करता येतात.

दम टिकत नाही म्हणून जादा फेऱ्या

चांगली चढाई करणारी मुलगी अचानक दुसऱ्या सत्रात ढेपाळायला लागते. सर चिडतात, मैदानाला चार फेऱ्या जास्त मारायला लावतात. इथे आधी रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, मग आपला संघ त्याला अपवाद कसा असेल? बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं तर तो रक्तक्षयच. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. लोहाची गोळी चहासोबत घेऊ देऊ नका, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घेतलेली बरी.

पाळीबद्दलही मोकळेपणानं बोला. पाळी तीन महिने आलीच नाही तर ‘बरं झालं, स्पर्धेत कटकट नको’ असं म्हणून सोडून देऊ नका. सराव भरपूर आणि खाणं तुटपुंजं असलं की पाळी थांबू शकते. तसंच चालू राहिलं तर हाडं ठिसूळ होऊन त्यांना बारीक तडे जातात. अशा मुलीला डॉक्टरांकडे न्यायलाच हवं.

वजनासाठी उपाशी ठेवणं

किशोरी गटाला 55 किलो, कुमारी गटाला 65 किलो अशी वजनाची मर्यादा असते. काटा दीड किलो जास्त दाखवतो, मग आदल्या दिवशी जेवण बंद, पाणी बंद, दोन स्वेटर घालून पळणं सुरू. पॅरिसला 2024 मध्ये विनेश फोगाट 100 ग्रॅमसाठी बाद झाली तेव्हा वजन उतरवणं किती जीवघेणं असतं ते अख्ख्या देशानं पाहिलं. तिच्या पाठीशी निदान डॉक्टर तरी होते. आपल्या नववीतल्या मुलीच्या पाठीशी कोण असतं? पाणी तोडून वजन उतरलं की पायात गोळे येतात, डोकं चालेनासं होतं आणि पकडीत चुकीच्या वेळी उडी पडते. वाढत्या वयात वजन वाढणारच. मुलगी मर्यादेच्या काठावर असेल तर तिला वरच्या गटात खेळवा.

सुजलेला गुडघा चोळणं

कोपरारक्षक, म्हणजे कोपऱ्यात उभी राहून पकड करणारी मुलगी घोटा पकडायला झेपावते, पाय मॅटवर रुततो, गुडघा आत वळतो. ‘कट्’ असा आवाज येतो आणि तासा-दोन तासांत गुडघा टम्म सुजतो. तेल लावून चोळायला, लचक काढायला नेण्याची घाई इथेच होते, आणि तीच मोठी चूक. एवढ्या लवकर आलेली सूज म्हणजे बहुधा सांध्यात रक्त साचलेलं असतं, आतला लिगामेंट तुटल्याची दाट शक्यता असते. खेळ तिथेच थांबवा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, पाय उंचावर ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या. सूज उतरली, चालता आलं म्हणून पुन्हा मैदानात उतरवलं तर तोच गुडघा पुन्हा दगा देतो.

मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून गुडघे वाकवून अलगद उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम एवढं नेमानं घेतलं तर धोका खूप कमी होतो. याला खर्च शून्य येतो, तरी हेच सगळ्यात आधी गाळलं जातं.

‘आपले सर आहेत, चिंता नाही’

सर चांगले असतील, असावेतच. पण नियम माणूस बघून करायचा नसतो. मुलीला एकटीला खोलीत बोलावणं, मालिश, रात्रीचे खासगी मेसेज, स्पर्धेच्या गावी एका खोलीत मुक्काम, यातलं काहीही चालणार नाही हे मोसमाच्या सुरुवातीला पालकांसमोर सांगा. मेसेज गटावर टाका, त्यात एक पालक ठेवा. बाहेरगावी जाताना सोबत एक बाई हवीच.

आणि एखादी मुलगी काही सांगायला आली तर ‘नक्की असंच झालं का?’ असं म्हणू नका. ऐकून घ्या. ‘संघाचं नाव जाईल, आपसात मिटवू’ हे तर मुळीच नको. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा 2012 च्या पॉक्सो कायद्यानं गुन्हा आहे. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तो क्रमांक कपडे बदलायच्या खोलीत मोठ्या अक्षरात लावा. हा कायदा मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. त्यांच्याबाबत आपण फारच गाफील असतो.

मुलगी न सांगता यायची बंद झाली तर

हजेरीतून नाव कापण्याआधी घरी जाऊन या. शेवटची एसटी साडेसहाला आणि सराव सातपर्यंत, असं साधं कारण निघू शकतं. स्वच्छतागृहाला कडी नसते. कुणाला जातीवरून किंवा रंगावरून टोपणनाव पडलेलं असतं आणि सर ते ऐकून हसलेले असतात. कमी ऐकू येणारी मुलगी शिट्टी ऐकू न आल्यानं ओरडा खात असते. तिच्यासाठी पंचांना आधीच सांगून हाताची खूण ठरवता येते. साखळीत शेजारणीनं हात दाबूनही इशारा देता येतो. सरावाची वेळ तासभर अलीकडे घ्या, कडी बसवा, टोपणनावं त्याच दिवशी बंद करा, आणि ती मुलगी परत आल्यावर ‘इतके दिवस कुठे होतीस?’ असं सगळ्यांसमोर विचारू नका.