बॉम्ब टाकण्याआधी व्ह्यू आणि मीटर नीट लावून घ्या

विमानाच्या सिम्युलेटरमध्ये लेव्हल बॉम्बिंग (एकाच उंचीवर सरळ उडत बॉम्ब टाकणं) करताना बॉम्ब पुढेमागे पडतात त्याचं कारण बहुतेकदा नेम नसतो, साईटमध्ये (बॉम्बचा नेम धरायच्या यंत्रात) भरलेले आकडे असतात. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो पण साईटला हवी असते टार्गेटपासूनची, म्हणजे 10,000 फुटांवर उडताय आणि टार्गेटची जमीनच 1,500 फुटांवर आहे तर भरायचे 8,500. स्पीडचंही तसंच, मीटरवरचा इंडिकेटेड स्पीड खऱ्या स्पीडपेक्षा कमी असतो, दर 1,000 फुटांना साधारण 2 टक्के वाढवा, म्हणजे 10,000 फुटांवर मीटर 200 दाखवत असेल तर 240 च्या आसपास धरा (साईटला कुठला स्पीड लागतो ते मात्र मॅन्युअलमध्ये बघाच).

आता व्ह्यू. डिफॉल्ट व्ह्यूमध्ये अल्टिमीटर, स्पीड आणि कंपास एकत्र नीट दिसत नसतील तर सीट थोडी वर-मागे घ्या, एफओव्ही (स्क्रीनवर दिसणाऱ्या दृश्याची रुंदी) कमी करून मीटरवर झूम करा आणि तो व्ह्यू एका बटणावर सेव्ह करा, साईटचा व्ह्यू शेजारच्या बटणावर, ऐन रनमध्ये माऊसने डोकं फिरवत बसायला वेळच नसतो. आणि हो, ट्रिम (स्टिक धरून न ठेवताही विमान सरळ उडेल असं सेटिंग) आधीच करून ठेवा, स्पीड स्थिर झाल्याशिवाय आकडे भरण्यात काही अर्थ नाही.