आधी जहाजाची वेळ, मग विमानाचं तिकीट

वरुड तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. आमच्या धंद्यात क्रूझ ही आता नवलाची गोष्ट राहिली नाही. बियाण्याच्या अन् औषधाच्या कंपन्या टार्गेट देतात, खरिपात माल उचलला की हिवाळ्यात टूर लागते. आधी बँकॉक, मग दुबई, आता सिंगापूरहून सुटणारं जहाज. कंपनीच्या टूरमध्ये आपण पासपोर्ट द्यायचा अन् कंपनीची टोपी घालून रांगेत उभं राहायचं. तिकीट कसं काढलं, विमा कोणता घेतला, हे मीही कधी विचारलं नव्हतं. यंदा जानेवारीत पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं आईबाबांना अन् आमच्या मंडळींना घेऊन गेलो, तेव्हा सगळं बसून जुळवावं लागलं. त्यानंतर चारपाच जण दुकानात येऊन हेच विचारून गेले. सोयाबीनच्या बॅगा मोजता मोजता प्रत्येकाला सांगणं होत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

बहुतेक जण पहिले स्वस्त विमान शोधतात. ते उलटं आहे. जहाज किती वाजता सुटते ते आधी कागदावर लिहा आणि तिथून मागे मागे या. आमचं जहाज रविवारी १८ जानेवारीला संध्याकाळी पाचला सुटणार होतं. पण पाच ही आपली वेळ नव्हेच. टर्मिनलवर बॅगा द्यायच्या, कागद दाखवायचे, इमिग्रेशन करायचं. चेक-इनचं दार जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होते आणि ती वेळ बुकिंगच्या कागदावर खाली बारीक अक्षरात असते. म्हणजे खरे वाजले साडेतीन. एसटीला हात दाखवला तर एखादा ड्रायव्हर थांबतोही. बंदरात तसं काही नसते, जहाजाला त्याची ठरलेली वेळ पाळावी लागते.

मागच्या एका टूरमध्ये शेजारच्या तालुक्यातला एक दुकानदार भाऊ घरच्या लग्नामुळं आमच्यासोबत निघू शकला नाही. त्यानं स्वतःच तिकिटं काढली. नागपूर-दिल्ली वेगळं, दिल्ली-सिंगापूर वेगळं, अन् पोचायचं जहाज सुटायच्या दिवशी सकाळी. डिसेंबरातलं दिल्लीचं धुकं तुम्हाला माहीतच आहे. नागपूरहून निघणारं विमान आधी तिकडूनच यायचं होतं, ते आलंच नाही. उशीर झाला चार तास चाळीस मिनिटं. पुढचं विमान त्याला टाकून गेलं. दोन्ही तिकिटं वेगळ्या पीएनआरवर, त्यामुळं दुसऱ्या कंपनीनं हात वर केले. दुसऱ्या दिवशी तो सिंगापूरला पोचला तेव्हा आम्ही समुद्रात होतो. पुढच्या बंदरात चढता येईल का म्हणून त्यानं विचारून पाहिलं, जहाजवाल्यांनी नाही म्हटलं. दोन रात्री हॉटेलात काढून भाऊ परत. विमा होता त्याच्याकडं. पण पॉलिसीत लिहिलं होतं, विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर झाला तरच. त्याचे एक तास वीस मिनिटं कमी पडले.

त्यामुळं माझा पहिला नियम असा की सुटण्याच्या किमान एक दिवस आधी बंदराच्या गावात मुक्काम. हॉटेलचा एका रात्रीचा खर्च होतो, होऊ द्या. हिवाळ्यात तर हे नक्कीच. २०२५च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात धुकंही नसताना पायलटांच्या ड्युटी-विश्रांतीच्या नव्या नियमांवरून देशभरात हजारो उड्डाणं रद्द झाली. आमची तिकिटं तेव्हा काढून झाली होती. बाबा रोज टीव्ही पाहून विचारायचे, आपलं इमान उडन का?

आता आपल्या भागातून निघायचं कसं? नागपूरहून सिंगापूरला सरळ विमान नाही. मुंबई, दिल्ली, हैदराबाद किंवा बंगळूरू, कुठंतरी बदलावंच लागते. बदलायचंच असेल तर दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. मग पहिल्याच्या उशिरानं दुसरं चुकलं तर पुढं पोचवायची जबाबदारी विमान कंपनीची, आणि सामानही सहसा सरळ सिंगापूरला जाते. वेगळी तिकिटं काढली तर देशातल्या विमानात साधारण १५ किलोचीच मुभा असते आणि पुढच्यात जास्त. कमी आकड्यानं बॅग भरावी लागते. हिवाळ्यात दिल्लीमार्गे जाऊ नका, दक्षिणेकडून किंवा मुंबईहून जा.

आम्ही मात्र मुंबईपर्यंत रेल्वेनं गेलो. माझ्या मते वरुड-मोर्शीकडच्या माणसाला हेच सोयीचं. अमरावती-मुंबई एक्स्प्रेस सुटतेच अमरावतीहून, त्यामुळं उत्तरेतल्या धुक्याचा तिला त्रास नाही. हावड्याकडून येणाऱ्या गाड्यांचं तसं नाही, त्या थंडीत कधी येतील ते स्टेशन मास्तरही सांगत नाही. संध्याकाळी बसलं की पहाटे मुंबई. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा, संक्रांतीच्या आसपास खालचे बर्थ लगेच संपतात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहूनही १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं, पण ते छोटं एटीआर, म्हणजे पंख्याचं विमान आहे आणि रोजच्या एसटीसारखं त्याच्यावर विसंबून जहाज गाठायला मी जाणार नाही.

एक भानगड घरातच झाली. रेल्वे होती १५ तारखेची, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, कर. आई म्हणे, करीच्या दिवशी घराबाहेर पाय टाकत नाही कोणी. तारीख बदलणं शक्य नव्हतं. मग बाबांनीच तोड काढली, प्रस्थान ठेवायचं, म्हणजे चांगल्या दिवशी सामान आधीच घराबाहेर काढून ठेवायचं. भोगीच्या दिवशी दोन बॅगा उचलून दुकानात आणून ठेवल्या, वर हळदकुंकू. युरियाच्या थप्पीजवळ दोन दिवस आमची सिंगापूरची तयारी मांडलेली होती अन् प्रत्येक गिऱ्हाईक विचारून जात होतं.

तारखेवरून आठवलं. परदेशाची पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. आमच्या तिकिटावर होतं १७ जानेवारी, ००:२०. याचा अर्थ १६ तारखेला, शुक्रवारी रात्री नऊच्या आत विमानतळावर. शनिवारच्या रात्री गेलात तर विमान जाऊन वीस-एकवीस तास झालेले असतात. मी घरच्या कॅलेंडरवर १६च्या चौकटीत लाल पेननं 'आज रात्री' असं लिहिलं होतं. शुक्रवारी पहाटे मुंबईत उतरलो, दिवसभर डोंबिवलीला मावसभावाकडं आराम केला, रात्री निघालो. शनिवारी सकाळी सिंगापूर. तिथलं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास आहे, हेही हिशेबात धरा.

मुंबईचं विमानतळ म्हणजे कोणतं, हे आता नीट वाचावं लागते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं. तिकिटावर बीओएम असेल तर जुनं, एनएमआय असेल तर नवी मुंबई. जुन्यातही टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, मधे रस्त्यानं जावं लागते. टॅक्सीवाल्याला नुसतं 'एअरपोर्ट' म्हणू नका.

तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच पाहिजे. बाबांच्या आधारवर नावामागं 'राव' आहे, पासपोर्टवर नाही. मी सवयीनं 'राव' लावून टाकलं होतं, पैसे भरायच्या आधी पोरीच्या ध्यानात आलं. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी चालू पाहिजे. सिंगापूरचा व्हिसा तिथं उतरून मिळत नाही, आधी अधिकृत एजंटकडून काढावा लागते. तो मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. कारण जहाज सिंगापूर सोडून मलेशिया-थायलंडकडं जाते आणि परत सिंगापूरला येते, म्हणजे तुम्ही दोनदा आत शिरता. आगमन कार्ड उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा.

आता विमा. यात मी जास्त वेळ घालवला, तुम्हीही घालवा.

दुकानाच्या काउंटरवर लॅपटॉप उघडून फॉर्म भरत होतो. प्रश्न आला, आधीचा काही आजार? बाबा ७२ वर्षांचे, शुगर आहे, बीपी आहे. ते समोर खुर्चीवर.

"लिहू नोको," म्हणाले. "दोन गोया त घेतो मी, त्याले का बिमारी म्हणते? हप्ता वाढवतीन ते."

मी म्हटलं, "बाबा, बाग संत्र्याची अन् पीक पाहणीत कापूस लिहिला, तर क्लेम भेटते का?"

बाबा गप्प झाले. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "लिही मंग. कोलेस्टरॉलबी लिही."

हप्ता वाढलाच. बाबांचा एकट्याचा हप्ता आम्हा तिघांच्या बेरजेहून जास्त. पण लपवलेला आजार क्लेमच्या वेळी डॉक्टरच्या कागदातून बाहेर येतोच. आणि सांगितला तरी सगळा खर्च मिळेल असं नाही. पुष्कळ पॉलिसींत जुन्या आजारासाठी फक्त जिवावर बेतलं तरच, अन् तेही ठराविक रकमेपर्यंत. तो आकडा शोधून वाचा.

दुसरं, पॉलिसीत क्रूझ धरली आहे का. काहींत ती वेगळी जोडावी लागते. समुद्रात माणूस गंभीर झाला तर त्याला जहाजावरून किनाऱ्याच्या दवाखान्यात हलवायचा खर्च आपल्या बागेच्या एका बहराएवढा होऊ शकतो. त्यासाठी रक्कम डॉलरमध्ये मोठी घ्या. आम्ही बाबांसाठी १ लाख डॉलरचं कव्हर घेतलं, बाकीच्यांचं ५० हजार.

तिसरं, किती तास उशिराला पैसे मिळतात. चार तासवाली पॉलिसी आणि बारा तासवाली पॉलिसी यांच्या हप्त्यात फार फरक नव्हता. त्या भाऊची गोष्ट आठवून मी चारवाली घेतली.

चौथं, केव्हा काढायचा. लोक निघायच्या आदल्या रात्री काढतात. रद्द होण्याचं कव्हर पॉलिसी घेतल्यापासून लागू होते, म्हणून जहाजाचे पैसे भरले त्याच आठवड्यात काढला तर मधल्या दोन महिन्यांत कोणी आजारी पडलं तरी उपयोग. भारतातून निघाल्यावर काढता येत नाही, हेही धरा. दिवस मोजताना परतीच्या पुढं दोन दिवस जास्त घ्या. आणि रद्द करण्याची कारणं पॉलिसीत मोजून दिलेली असतात, आजारपण, जवळच्या माणसाचा मृत्यू अशी. संत्र्याचा व्यापारी नेमका त्याच आठवड्यात तोडायला आला, तूर पडून आहे, वेचायला बाया मिळत नाहीत, हे त्यात बसत नाही. आंबिया बहराचा सौदा आधी उरकून घ्या.

पीक विम्यात नुकसान झालं की ७२ तासांत कळवा, हे आपण सगळे पाठ म्हणतो. इथंही तसंच. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर आधी विम्याच्या हेल्पलाइनला फोन. तो नंबर फोनमध्ये तर ठेवाच, पण कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशातही ठेवा, कारण समुद्रात गेल्यावर मोबाईलची रेंज जाते आणि जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क फार महाग पडते. आईला दुसऱ्या रात्री उलट्या झाल्या. मलाक्काची सामुद्रधुनी या दिवसांत त्यातल्या त्यात शांत असते, ईशान्य मान्सूनचा जोर पलीकडं दक्षिण चीन समुद्रावर जास्त, पण आई नावेतही कधी बसली नव्हती. जहाजावरच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. बिल १४० डॉलर, ते खोलीच्या खात्यावर चढलं. तिथं कॅशलेस चालत नव्हतं. आधी भरा, घरी येऊन मागा. मी तपशीलवार बिल, डॉक्टरची चिठ्ठी, बोर्डिंग पास सगळं जपून आणलं. पॉलिसीत पहिले १०० डॉलर आपले होते, म्हणून हातात आले ४० डॉलरचे रुपये, तेही दीड महिन्यानं. छोट्या दुखण्याला विमा नसतोच म्हणा. आणि दारू पिऊन पडलात तर क्लेम नाही, हे आमच्या कंपनी-टूरवाल्या मित्रांसाठी खास.

एजंटकडून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर कापतात. शेतीचंच उत्पन्न म्हणून जे रिटर्न भरत नाहीत त्यांचा तो पैसा तिकडंच राहतो. पावती मागून घ्या, त्या वर्षी रिटर्न भरा.

औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच. जहाजावर मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते, अन् बाबांची गोळी दुपारची असते. खर्रा नेऊ नका. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूला बंदी आहे, आणायलाच मनाई. माझ्या ओळखीच्या एकानं मोज्यात पुडी नेली होती, विमानतळावर त्याला घाम फुटलेला मी पाहिला आहे. स्वेटर मुंबईपर्यंत पुरे, तिकडं थंडी नाही, दमट गरमी अन् जानेवारीतही पाऊस. फक्त जहाजातल्या एसीपायी आईनं शाल घेतली ते बरं झालं.

परतीचं विमान जहाज लागते त्याच दिवशी चालते, पण संध्याकाळचं घ्या. जहाज सकाळी सातला लागलं तरी हजारो माणसं मजल्यामजल्यानं उतरतात. आमचा नंबर साडेनऊला आला. सकाळी अकराचं विमान घेतलेलं एक कुटुंब लिफ्टपाशी रडकुंडीला आलं होतं. मुंबईला पोचल्यावर इमिग्रेशन आणि कस्टम तिथंच होते, बॅगा घेऊन नागपूरच्या विमानाला पुन्हा द्याव्या लागतात, त्याला दोन-तीन तास ठेवा. आमचं तर दुसऱ्या दिवशी सकाळचंच होतं.

नागपूरहून गावाला यायची गाडी दिवसाउजेडी सांगा. रात्री काटोलच्या रस्त्यावर रोही (नीलगायी) आडवे येतात, पहाटे धुकं. गाडीवाल्याला परतीची तारीख निघतानाच सांगून ठेवली होती, तरी तो म्हणे, भाऊ, मले वाटलं तुम्ही अजून समुद्रातच हा.