दहा एकराचे ४,३५,६०० चौरस फूट: मोठी संख्या फोडून पाहायची कशी

इकडे वावराची गोष्ट एकरातच चालते. एक एकर ४३,५६० चौरस फूट, म्हणजे दहा एकर झाले ४,३५,६००. एवढा आकडा दिसला की पोट्टे लगेच मोबाईल काढतात, पण याला कॅल्क्युलेटर लागतच नाही, वही-पेन घ्या.

आधी मागची दोन शून्यं बाजूला काढा, ते १०० झाले म्हणजे २×२×५×५. राहिले ४,३५६. शेवटचे दोन अंक ५६, त्याला ४ नं भाग जातो म्हणून अख्ख्या आकड्यालाही जातो, उरले १,०८९. आता हा आकडा ओळखीचा वाटतो का? ३३×३३, आपला एक गुंठा! अंकांची बेरीज १८, म्हणून ९ नं भाग जातो आणि हाती येतात १२१, ते ११×११. झालं, चार वेळा २, दोनदा ३, दोनदा ५, दोनदा ११. ही एक ओळ वहीत नीट लिहून ठेवा, पुढचं सगळं हिच्यातूनच निघतं.

प्रत्येक मूळ संख्या जोडीनं आली आहे ना, म्हणून हा पूर्ण वर्ग, ६६०×६६०. एका एकरात मात्र २ तीनदा येतो आणि ५ एकदाच, म्हणून एक एकराचा चौरस तुकडा पूर्ण फुटात कधीच बसत नाही, बाजू २०८.७ च्या आसपास जाते. मला हे फार आवडतं, एकर बसत नाही अन् दहा एकर बरोबर बसतात.

विभाजक किती ते मोजायचे तर प्रत्येक घातात १ मिळवा आणि गुणा, ५×३×३×३ = १३५. विषम आले, कारण विभाजक जोडीनं येतात पण ६६० ची जोडी ६६० च, तो एकटा राहतो. सगळ्यांची बेरीज ३१×१३×३१×१३३ म्हणजे १६,६१,५६९ (३१ हे १+२+४+८+१६ चे, बाकीचेही तसेच काढा). त्यातून आपले ४,३५,६०० वजा केले तरी १२,२५,९६९ उरतात, संख्येपेक्षा कितीतरी जास्त, अशा संख्येला अबंडंट म्हणतात.

अंकांची बेरीज १८, आणि ४,३५,६०० ला १८ नं भागलं तर पूर्ण २४,२०० येतात. अशा संख्यांना हर्षद हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दिलं, आपल्याच मराठी मास्तरांनी!

आणखी एक, मिस्त्री कोपरा काटकोनात घ्यायला ३-४-५ चा हिशोब लावतो तो इथंही आहे. ६६० ला ५ नं भागा, १३२ आले. १३२ ची तिप्पट ३९६, चौपट ५२८, दोघांचे वर्ग मिळवा, परत ४,३५,६००. म्हणजे कोपऱ्यापासून एका धुऱ्यावर (बांधावर) ३९६ फूट, दुसऱ्यावर ५२८ फूट मोजून खुट्या ठोकल्या आणि त्या दोन खुट्यांमधलं अंतर बरोबर ६६० भरलं तर कोपरा काटकोनातच आहे, टेप लावून पाहा.