जुना ग्लायडर घेताना पंखाचं वय कसं तपासावं

ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, विकणारा माणूस आधी कॅनोपी (वैमानिकावरचं पारदर्शक झाकण) दाखवतो, मग आतली गादी, मग रंग. शेवटी पंखावरून हात फिरवत म्हणतो, "बघा, एक ओरखडा नाही." ओरखड्याचं काय घेऊन बसलात? आधी लॉगबुक मागा.

मी दाबोळीला नौदलाच्या विमानांच्या एअरफ्रेमवर, म्हणजे सांगाड्यावर, काम केलं. त्यातली शेवटची बरीच वर्षं नुसते क्रॅक शोधण्यात गेली. आता चिखलीला घरी असतो. हल्ली वास्को-फोंड्याकडची काही पोरं गोवा एक्सप्रेस धरून पुण्याला, हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला शिकायला जातात. सोलो झाली, म्हणजे एकट्यानं उडवून आली, की चौघांत मिळून परदेशातला एखादा जुना ग्लायडर घ्यायचं वारं डोक्यात शिरतं, आणि कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवतं. त्यांना दर वेळी जे सांगतो ते इथे लिहून ठेवतो. एअरोबॅटिक्स, रंग, मीटर, पॅराशूट हे सगळं नंतर. आधी स्पार, म्हणजे पंखाच्या आतला मुळापासून टोकाकडे जाणारा मुख्य कणा.

सुरुवातीला एक गैरसमज काढून टाकू. तार मागेपुढे वाकवून तोडून दाखवतात आणि सांगतात, धातूचा फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा ताण बसून येणारा थकवा, तो हाच. पंखात तसं काही दिसत नाही. तार वाकलेली डोळ्यांना दिसते, पंख उतरल्यावर जसाच्या तसा सरळ होतो. हवेत असताना पंख वर उचलला जातो आणि स्पारच्या खालच्या पट्टीला ओढ बसते. जमिनीवर आला की ओढ सुटते. ही ओढ मोडण्याच्या मर्यादेच्या पुष्कळ आत असते. पण गोल भोकाच्या काठावर तीच ओढ सुमारे तिप्पट होते, आणि धातूच्या पंखात रिव्हेटची भोकं काही कमी नसतात. तिथे केसाहून बारीक भेग सुरू होते आणि उड्डाणागणिक सरकत राहते. बराचसा काळ ती रिव्हेटच्या डोक्याखाली नाहीतर दोन पत्र्यांच्या मध्ये लपलेली असते. शिवाय स्टीलला एक पातळी असते, तिच्याखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते टिकतं. ॲल्युमिनियमला तशी पातळी नाही. तिथे लहान धक्काही हिशोबात धरला जातो. आणि ताण दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही, दहा-वीस पटींनी घटतं.

म्हणून "पाच जी सोसतो हा" या वाक्यावर जाऊ नका. (एक जी म्हणजे स्वतःच्या वजनाएवढा भार, पाच जी म्हणजे पाचपट.) युरोपच्या सीएस-२२ नियमावलीत साध्या, म्हणजे युटिलिटी वर्गातल्या ग्लायडरला ५.३ जी आणि एअरोबॅटिक वर्गाला ७ जी सोसावे लागतात, वर दीडपट राखीव बळ. हे आकडे एकदा बसणाऱ्या मोठ्या जोराचे आहेत. हजारो वेळा बसणाऱ्या मध्यम जोराबद्दल ते काहीच बोलत नाहीत. त्यासाठी आयुष्याची मर्यादा वेगळी ठरवतात आणि ती मेंटेनन्स मॅन्युअलच्या एअरवर्दीनेस लिमिटेशन्स या भागात छापलेली असते. तो भाग मालकाला, क्लबला किंवा मेकॅनिकला आपल्या मर्जीनं बदलता येत नाही. विकणाऱ्याकडे मॅन्युअल मागाल तेव्हा हीच पानं आधी उघडा, आणि आवृत्ती जुनी तर नाही ना तेही बघा.

आता लॉगबुक. सगळे एकूण तास विचारतात. मी तास आणि लाँच (किती वेळा हवेत सोडला) दोन्ही विचारतो आणि भागाकार करतो. समजा एका ग्लायडरचे २८०० तास आणि १४,००० लाँच आहेत. म्हणजे सरासरी उड्डाण १२ मिनिटांचं. हा विंचवरचा, म्हणजे जमिनीवरच्या यंत्रानं दोर गुंडाळून वर खेचला जाणारा, शिकाऊ ग्लायडर. दिवसभर वर-खाली, वर-खाली, आणि उतरणाराही नवशिका. दुसऱ्याचेही २८०० तास, पण लाँच २०००. सरासरी ८४ मिनिटं, म्हणजे बहुधा थर्मलमध्ये, वर चढणाऱ्या गरम हवेत, निवांत फिरलेला. तास सारखे असले तरी पहिल्याचा स्पार ताण-सुट, ताण-सुट या फेऱ्यांतून सात पट वेळा गेलाय. विंचचा दोर तर वर चढताना ग्लायडरला खाली खेचत असतो, त्याचा भार पंखच उचलतो. विमानामागे दोरानं ओढून नेताना, म्हणजे एअरोटोत, हा ताण बराच कमी असतो. म्हणून विंचचे लाँच किती आणि एअरोटोचे किती, हे वेगळं लिहिलेलं असलं तर सोनं. एअरोबॅटिक्सचे तासही वेगळे मागा. कारखान्यानं आयुष्याचा आकडा काढताना एक सरासरी वापर गृहीत धरलेला असतो. तुमच्या हातातला ग्लायडर त्या सरासरीत बसतो का, हे लॉगबुकच सांगतं, आणि तेवढी नोंदच नसेल तर सांगायला कुणी उरत नाही.

लॉगबुक वाचताना शाईसुद्धा बघायची. सलग तीन-चार वर्षांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं, एकाच तिरकस वळणानं लिहिलेल्या असल्या तर कुणीतरी त्या एका बैठकीत लिहून काढल्या आहेत. मधली दोन वर्षं कोरी असतील तर ग्लायडर तेव्हा कुठे उभा होता ते विचारा. 'हेवी लँडिंग', 'ग्राउंड लूप' (जमिनीवर गर्रकन फिरणं), 'ट्रेलर' हे शब्द जिथे येतात त्या पानांचे फोटो काढा. दुरुस्ती केली असेल तर कुठल्या मंजूर ड्रॉइंगप्रमाणे केली, याचा कागद त्याच पानाला जोडलेला हवा.

यापुढचा कागद सगळ्यात महत्त्वाचा: एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हची, म्हणजे उड्डाणयोग्यतेच्या सक्तीच्या आदेशांची यादी. अशा आदेशाला आम्ही नुसतं एडी म्हणतो. ज्या देशात ग्लायडरची रचना मंजूर झाली, तिथलं खातं एडी काढतं आणि आपलं डीजीसीए, म्हणजे भारताचं नागरी विमान खातं, ते पाळायला लावतं. युरोपातल्या ग्लायडरांच्या एडी ईआसाच्या, म्हणजे युरोपच्या विमानसुरक्षा खात्याच्या, संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. तुमच्या मॉडेलची पूर्ण यादी स्वतः काढा आणि विकणाऱ्याच्या तक्त्याशी ओळ न् ओळ ताडून बघा. 'पूर्ण केली' या ओळींत तारीख, तास, पद्धत, सही आणि लायसन्सचा नंबर हवा. 'लागू नाही' अशा ओळी तर जास्त बारकाईनं वाचा. बऱ्याच एडी ठरावीक सीरियल नंबरांपुरत्या असतात, तेव्हा पाटीवरचा नंबर स्वतः वाचल्याशिवाय 'लागू नाही' मान्य करायचं नाही.

हे एवढं का, ते ब्लानिकमुळे. एल-१३ ब्लानिक हा चेकोस्लोव्हाकियातला, १९५६ साली पहिल्यांदा उडालेला, पूर्ण धातूचा दोन आसनी ग्लायडर. जगभर कितीतरी वैमानिक त्याच्यावर शिकले. स्वस्त, दणकट, उन्हापावसात बाहेर उभा राहणारा, अशी त्याची ख्याती. जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात एका एल-१३ चा पंख हवेतच तुटला, आतले वाचले नाहीत. तपासात स्पारमधल्या फटीगकडे बोट गेलं. ईआसानं आधी तपासणीचा आणि एअरोबॅटिक्स बंद करण्याचा आदेश काढला. पण तेवढ्यावर भागेना, तेव्हा त्याच वर्षी एल-१३ ची उड्डाणंच थांबवली. अमेरिकेच्या एफएए या विमान खात्यानंही तेच केलं. जगभरचे हँगर एका उन्हाळ्यात न उडणाऱ्या ब्लानिकांनी भरले. काही क्लबांकडे दुसरा दोन आसनी ग्लायडरच नव्हता. पुढे स्पार मजबूत करण्याचे मंजूर बदल निघाले, आणि ज्यांच्यावर ते झाले ते परत उडाले. बाकीचे जमिनीवरच.

तर कुणी "पात्रांव, ब्लानिक आहे, मोटरसायकलच्या भावात देतो" असं म्हणाला, तर पहिला प्रश्न: एल-१३ की एल-२३? एल-२३ सुपर ब्लानिक ही नंतरची वेगळी रचना, तिचे कागद वेगळे. एल-१३ असेल तर दुसरा प्रश्न: स्पारचा कुठला मंजूर बदल झालाय आणि त्याचा दाखला कुठाय? दाखला नसेल तर ती बागेत ठेवायची वस्तू आहे. तो भाव त्यासाठीच आहे.

काचधाग्याच्या ग्लायडरांचं गणित वेगळं आहे, आणि माझ्या मते आपल्यासारख्यांना तेच बरं. बऱ्याच जर्मन ग्लायडरांना ३००० तासांना एक मोठी तपासणी असते. ती कारखान्याच्या कार्यक्रमाप्रमाणे झाली की पुढच्या टप्प्यापर्यंत मुदत मिळते, आणि असं टप्प्याटप्प्यानं पुष्कळ मॉडेलं १२,००० तासांपर्यंत जातात. २९०० तासांचा ग्लायडर "अजून शंभर तास आहेत" म्हणून स्वस्तात मिळाला तर ती तपासणी तुमच्या खर्चानं होणार, हे भावात धरा.

कागद पटले तरच पंखाला हात लावा. धातूचा पंख असेल तर खालच्या बाजूनं, मुळाजवळ, टॉर्च आडवी धरून रिव्हेटच्या रांगा बघा. रिव्हेटमागे काळपट धुरकट ओघळ असेल तर तो रिव्हेट हलतोय. पांढरी पूड असेल तर ते गंजणं, आणि गंजाचा खड्डा म्हणजे भेगेला आयतं घर. डोळे सरावायचे असतील तर बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात जा. समुद्राच्या वाऱ्यात उघड्यावर उभी असलेली जुनी विमानं आहेत. त्यांच्या पंखांच्या रिव्हेटरांगा निवांत वाचता येतात. बरोबरची मंडळी सेल्फी काढेपर्यंत तुमचा एक पंख बघून होईल.

काचधाग्याच्या पंखावर गेलकोटच्या, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराच्या, रेषा असतात. सगळ्याच वाईट नसतात, पण मुळाजवळच्या आणि एअरब्रेकच्या (पंखातून वर निघणाऱ्या, वेग कमी करणाऱ्या फळीच्या) खोक्याच्या कोपऱ्यातल्या रेषा आधी मार्क करा. नाण्यानं हलकेच टकटक करत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, थर सुटलेला असेल तिथे बोदा. स्पारचे जे टोक धडात शिरतं तिथे पांढुरका डाग दिसला तर तिथेच थांबा. लाकडी ग्लायडर असेल तर नाक आत घाला. कुबट वास आला तर सरस ओला झालाय.

एक चाचणी मात्र करून घ्याच. पंख जोडून, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे आधार देऊन, एका टोकाला उभं राहायचं आणि पंखाला त्याच्या स्वतःच्या लयीत हळूच वर-खाली झुलवायचं. एका मिनिटात किती झोके होतात ते मोजायचं. जर्मन ग्लायडरांच्या तपासणी अहवालात हा आकडा लिहिलेला असतो. आजचा आकडा जुन्यापेक्षा कमी आला तर पंखाचा कणखरपणा कुठेतरी गेलाय, नाहीतर मुळाच्या, म्हणजे पंख धडाला जोडणाऱ्या, पिना आणि त्या बसतात ती बुश झिजलेत. पिना झिजल्या आहेत का, हे टोक पुढे-मागे ढकललं की कळतं, धडात 'टक' असा आवाज येतो. घड्याळाशिवाय काही लागत नाही, तरी ही चाचणी लोक का टाळतात देव जाणे.

इथपर्यंतच तुमचं काम. डाय पेनिट्रंटचे, म्हणजे भेग दाखवणाऱ्या रंगीत द्रवाचे, डबे बाजारात मिळतात म्हणून स्वतः फवारत बसू नका. रंग नीट न काढता मारलेला डाय भेगेत शिरतच नाही आणि 'क्रॅक नाही' असं खोटं समाधान मिळतं. रिव्हेटच्या भोकांना एडी करंट (धातूत विजेचे भोवरे उठवून भेग शोधायची पद्धत, वरच्या आदेशांच्या एडीशी संबंध नाही) लागतो, आणि तो प्रमाणपत्र असलेल्या माणसानंच करायचा. पोरं हटकून विचारतात, "काका, भेग किती लांब असली तर चालते?" मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तेवढी. दिला नसेल तर शून्य. भेग सापडली तर तिच्या टोकाला भोक पाडून थांबवायचा शहाणपणा स्पारवर करायचा नाही. ग्लायडरला लाल टॅग लावा, लायसन्सवाल्या इंजिनिअरला बोलवा, आणि डीजीसीए व उत्पादकाला लेखी कळवा.

गोव्यात ठेवणार असाल तर दोन गोष्टी. आपल्याकडची हवा खारी, आणि पावसाळ्यात बंद ट्रेलर आतून घाम गाळतो. पंखाच्या खालची पाणी निघायची भोकं काडीनं मोकळी ठेवा, ट्रेलरला दोन्हीकडे जाळी बसवा, आणि किनाऱ्यावरून आणलात तर गोड्या पाण्यानं धुवा. काचधाग्याचा पंख पांढराच ठेवा. त्याची राळ साधारण ५४ अंशांपर्यंतच पूर्ण ताकद देते, आणि एप्रिलच्या उन्हात गडद रंग ते अंश सहज ओलांडतो. चोर्ल्याच्या घाटातून ट्रेलर आणणार असाल तर पंखाच्या आधारांना चांगलं फेल्ट लावा, नाहीतर खड्ड्यांतली घासाघीस स्पारच्या टोकावर उमटते.

पैसे देण्याआधी डीजीसीएकडून लेखी विचारून घ्या की त्या मॉडेलला भारतात टाइप मान्यता आहे का. नसेल तर व्हीटी, म्हणजे भारतीय विमानाच्या, नोंदणीच्या आशेवर आयात करू नका. मग बयाणा द्या, आणि करारात लिहा की मुख्य स्पार, मुळाच्या पिना आणि एडीचा तक्ता यांपैकी एकही तपासणीत नापास झालं तर सगळी रक्कम परत. तपासणारा इंजिनिअर तुम्ही निवडायचा आणि त्याची फीही तुम्हीच भरायची.